वात्रटपणाची मात्रा

आदरणीय ताई,

मी गोव्यात फोंड्याला राहते. एका पतसंस्थेत कॅशियर आहे. काउंटरवर गर्दी नसली की जुन्या पावतीच्या पाठीवर चार ओळी खरडते. पोदेर, बस, बाजार, पाहुणे, असलेच विषय. मग त्या घरच्या ग्रुपवर टाकते. कोणी अंगठा दाखवतो, कोणी हात जोडतो, हसत मात्र कोणी नाही. ही पोदेरावरची बघा:

पोदेर येतो सकाळी सकाळी,
पाव आणतो गरम गरम,
आजकाल पाव झाला लहान,
महागाईला नाही काही शरम.

एकदाच सगळे खळखळून हसले. मोठ्या वहिनींच्या सोलकढीवर लिहिले होते:

आमच्या वहिनींची सोलकढी,
रंग गुलाबी, चव पाणी,
पाहुणे तोंडावर म्हणती वा वा,
मनात म्हणती आणीबाणी.

त्या दिवसापासून वहिनी माझ्याशी धड बोलत नाहीत. माझा एक आतेभाऊ गंभीर कविता लिहितो. त्याच्या मते मी नुसता ट ला ट लावते. यजमान म्हणतात, मराठीत कोंकणी शब्द घुसवू नकोस. आणि आता आमच्या महिला मंडळाने चतुर्थीनंतरच्या कार्यक्रमात मला दहा मिनिटे दिली आहेत. काय करू?

– हसवायला बसलेली, फोंडा

*

प्रिय वाचक,

आधी तुमच्या ‘आणीबाणी’ला दाद देते. ‘पाणी’ हा घरगुती, बिनमहत्त्वाचा शब्द आधी आला, कोणाला संशय आला नाही, आणि मग चौथ्या ओळीच्या अगदी टोकाला दिल्लीच्या राजकारणातला भलामोठा शब्द सोलकढीच्या वाटीत येऊन पडला. हसू त्या पडण्याचे आहे. हे तुमच्या हातून न ठरवता झाले. आता ठरवून करायचे. वहिनींचे काय करायचे ते पुढे बघू.

पोदेराच्या चार ओळी का फसल्या? मी अक्षरे मोजली. ११, ११, ११ आणि शेवटची १२. म्हणजे कान चांगला आहे, पण जिथे ठेच लागता कामा नये नेमकी तिथेच लागली. ‘सकाळी सकाळी’ आणि ‘गरम गरम’ ही भरताड आहे, जागा भरायला घातलेली. तेही एकवेळ चालले असते. खरा घोटाळा शेवटच्या ओळीत आहे. महागाईला शरम नाही, हे मत झाले. ते माझेही आहे, तुमच्या यजमानांचेही आहे, पोदेराचेही असेल. जे सगळ्यांना आधीच पटलेले आहे त्यावर माणूस मान डोलावतो. म्हणून तर अंगठे आले.

तिसऱ्या ओळीत मात्र तुम्ही काहीतरी पाहिले होते: पाव लहान झाला. तिथून पुढे पळालात. तिथेच थांबायचे होते. दारात उभे राहून नीट बघा. सायकल तीच, मागची टोपली तीच, तिच्यावरचे निळे प्लास्टिक तेच, आणि भोंपूचा आवाज तर आख्खी आळी उठवणारा. लहान झाला तो फक्त पाव. एवढा मोठा गाजावाजा आणि एवढासा पाव, हे दोन शेजारी ठेवले की तुम्हाला काही म्हणावेच लागत नाही:

भोंपू तेवढाच मोठा,
पाव झाला एक घास;
उद्या टोपलीत फक्त
येईल पावाचा वास.

यात महागाई हा शब्द नाही. ऐकणारी बाई तो स्वतः घालते, आणि स्वतः घातला म्हणून हसते. ओळीत आठ अक्षरे, कमी नाहीत, जास्त नाहीत. आता तेच शब्द जरा हलवते:

उद्या वास पावाचाच
टोपलीत येई फक्त.

अर्थ तोच आहे, अक्षरेही आठच आहेत. विनोद मात्र गेला. कारण ‘वास’ आधीच कळला आणि पुढचे ‘टोपलीत येई फक्त’ ऐकणाऱ्याने नाइलाजाने ऐकले. ज्या शब्दावर हसू फुटायचे तो शब्द सगळ्यात शेवटी. त्याच्यानंतर एक अक्षरही नको. चार ओळींचा सगळा खटाटोप त्या एका शब्दाला उशीर व्हावा म्हणून असतो.

हे साधायचे तर लिहायची सुरुवात उलटीकडून करा. तुम्ही पहिल्या ओळीपासून लिहायला बसता आणि चौथ्या ओळीत यमक शोधत फिरता, हे तुमच्या ‘शरम’वरून सरळ दिसते. ‘गरम’ला दुसरे मिळालेच नाही. त्याऐवजी आधी शेवटचा शब्द पकडा, म्हणजे ‘वास’. मग त्याच्या यमकाचे शब्द एका ओळीत लिहून काढा: घास, तास, खास, रास, फास, त्रास. त्यातला सगळ्यात साधा, कोणाला काही न सुचवणारा शब्द निवडा आणि तो दुसऱ्या ओळीत आधी बसवून टाका. भारी शब्द आधी आणि साधा नंतर आला तर ऐकणाऱ्याला फसवल्यासारखे वाटते, आणि तेही कंटाळवाणे फसवणे.

आणखी एक. येतो-जातो, आहे-पाहे, करतात-मरतात असली क्रियापदांची यमके फुकट मिळतात, म्हणून फुकटची दिसतात. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, त्यामुळे हात आपोआप तिकडेच जातो. मुद्दाम वळवा. ओळीच्या टोकाला नाम आणून ठेवले की यमक एकदम कमावलेले वाटते. घास आणि वास ही दोन्ही नामे आहेत, पाणी आणि आणीबाणीही.

आता मोजमापाचे. तुमच्या पत्रात वृत्त, छंद यांबद्दल काही नाही, म्हणजे भीती वाटत असावी. गंभीर कविता मुक्तछंदात खुशाल लिहावी. वात्रटिकेला ती चैन परवडत नाही, कारण कानाने ताल धरला असेल तरच शेवटचा शब्द तालावर येऊन आपटतो. ताल नसेल तर तो नुसता येतो. आठ अक्षरांची ओळ सगळ्यात सोपी. छोट्या अभंगाचे चरण बहुधा आठाचेच असतात. जोडाक्षर एकच मोजायचे, ऱ्हस्व-दीर्घाची चिंता नाही. ‘फक्त’ची दोन, ‘टोपलीत’ची चार. बोटांवर जमते, आणि कॅशियर बाईला मोजायला मी काय शिकवणार!

माझा जास्त जीव आहे तो मोठ्या अभंगावर. सहा, सहा, सहा आणि चार. दुसऱ्या-तिसऱ्या चरणात यमक, आणि चौथा आखूड, बिनयमकाचा. ‘सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी’ची चाल आठवा. ‘ठेवोनिया’ कसे हळूच येऊन टेकते! भक्तीत ते टेकणे शांत वाटते. गमतीत तेच चार अक्षरी शेपूट चिमटा काढायला उत्तम. सहा-सहाच्या लयीत कान रमलेला असतो, आणि ओळ अचानक संपते. फोंडा-पणजी बस तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक:

एका पायावर
उभी मी दारात;
‘चढा बाय आत,
जागा आहे!’

कंडक्टरचे नाव घ्यावे लागले नाही, गर्दी हा शब्दही लागला नाही. ‘जागा आहे’ या जगातल्या सगळ्यात साध्या दोन शब्दांना हसू येते, कारण वरच्या दोन ओळींनी जागा संपवलेली आहे. विनोदी शब्द शोधायचे नसतात. साधाच शब्द चुकीच्या जागी उभा करायचा असतो.

ओवीतही हीच सोय आहे. तीन लांब चरणांत यमक आणि चौथा आखूड, मोकळा. अक्षरांचे बंधनही सैल. ओवी आपल्याला जात्यावरची आणि पोथीतली म्हणून ठाऊक असते, पण गोव्यातल्याच सासष्टीत राहणारे फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज, आणि त्यांनी आख्खे क्रिस्तपुराण मराठी ओवीत रचले. १६१६ साली ते रायतूरला छापले गेले. परमुलखातून आलेल्या पाद्रीला जी ओवी वश झाली ती फोंड्याच्या बाईला न व्हायला काय झाले?

एकदा अक्षरे हाताला बसली की मग खरी मजा अक्षरगणवृत्तांत, म्हणजे आखूड (लघु) आणि लांब (गुरू) अक्षरांचा क्रम ठरलेल्या वृत्तांत आहे, कारण तिथे बाज मोठा आणि विषय छोटा ठेवता येतो. मनाचे श्लोक लहानपणी म्हटलेत ना? ते भुजंगप्रयात. लघु-गुरू-गुरू असे चारदा, ओळीत १२ अक्षरे. ही चाल कानावर आली की माणूस आपोआप सरळ बसतो, आता काहीतरी उपदेश येणार म्हणून. तशा बसलेल्या माणसापुढे ताटातला विषय ठेवा. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस, यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. बाजारात जे येते त्याचा भाव ऐकून परत फिरायचे. जुलै संपून बोटी सुटाव्यात, तर घरात श्रावण लागलेला, आणि पुष्कळ हिंदू घरांत पुढे थेट चतुर्थी होईपर्यंत शिवराक, म्हणजे शाकाहारच. समुद्र आणि पंचांग यांनी मिळून केलेला हा कट आहे:

गडे बांगड्याचा नको लोभ आता,
जुलै संपल्यावीण येई न हाता;
जुलै संपता श्रावणाचा पहारा,
दुधी भोपळा हाच अंती सहारा!

हे मोठ्याने, गंभीर चेहऱ्याने म्हणायचे. ‘संपल्यावीण’, ‘अंती’ असले पोथीतले शब्द एरवी मी तुमच्या कवितेतून खोडून काढले असते. इथे ते हवेत, कारण दुधी भोपळ्याला सिंहासनावर बसवायचे आहे. तुमचे आतेभाऊ बोट ठेवतील की ‘बांगड्या’त जोडाक्षराच्या आधी ‘ग’ आहे, तो गुरू झाला. नाही झाला. जोडाक्षरामुळे आधीच्या अक्षरावर आघात आला तरच ते गुरू. ‘रक्त’ म्हणून पाहा, ‘र’वर जोर येतो. ‘बांगड्या’ म्हणताना ‘ग’वर येत नाही. वृत्त कागदावर तपासू नका, तोंडाने तपासा.

आतेभावांच्या ‘ट ला ट’चे उत्तरही त्यातच आहे. प्र. के. अत्र्यांनी केशवकुमार हे नाव घेऊन आपल्या काळच्या कवितांची विडंबने केली, ती जुळली कारण ज्यांची टर उडवायची त्यांची वृत्ते त्यांना स्वतःच्या खिशासारखी ठाऊक होती. याउपर या विषयावर आतेभावांशी वाद घालत बसू नका. त्यांना भुजंगप्रयातात वीज गेल्यावर चार ओळी करायला सांगा. वीज येईपर्यंत घरात शांतता राहील.

शब्दखेळाबद्दल तुम्ही विचारले नाही, पण पावाचा विषय निघालाच आहे तर थोडे सांगते. श्लेष म्हणजे एका शब्दात दोन अर्थ, हे शाळेत झाले. शाळेत न सांगितलेली गोष्ट ही की दोन्ही अर्थ त्या वाक्यात कामाला लागले पाहिजेत. एक काम करतो आणि दुसरा नुसता शेजारी उभा राहून दात काढतो, तेव्हा ऐकणारे कण्हतात. ‘पणजीला भेटून आलो’ हा विनोद ज्या दिवशी कोणीतरी पहिल्यांदा केला त्या दिवशी नक्कीच चांगला असणार. आता शाळेच्या स्नेहसंमेलनातही तो नको. मात्र ‘देव पावो न पावो, पोदेर रोज पावतो’ यात पाव आहे, प्रसन्न होणे आहे, आणि आपल्या बोलीतले येऊन पोचणेही आहे. तिन्ही खरे आहेत, पोदेर तिन्ही करतो. किंवा शब्द मोडून पाहा. मोसमाच्या सुरुवातीला मानकुराद आंब्याच्या डझनाचा भाव विचारा म्हणजे कळेल, तेव्हा परवडतो तो नुसता मान, कुराद पुढच्या महिन्यात. असल्या कोट्या सुचतात तेव्हा सुचतात, त्यांच्या मागे धावू नये. आणि एका वात्रटिकेत एकच.

यजमानांना सांगा, पोदेराला मराठीत पोदेरच म्हणतात, निदान फोंड्यात. ‘पाव विक्रेता सायकलस्वार’ असे कोणी लिहिले तर ती वात्रटिका न राहता पंचायतीची नोटीस होईल. माटोळी, खतखते, हुमण, पोदेर या वस्तूंना दुसरे नाव नाही, आणि तुमच्या ऐकणाऱ्यांना अर्थ सांगायची गरज नाही. पुण्यातल्या वाचकाला अडले तर तो विचारील. घरात जेवताना मराठी बोलतानाही जो शब्द तोंडात येतो तो बिनदिक्कत घाला. बसमधल्या त्या चार ओळींतून ‘बाय’ काढून ‘ताई’ घातले तर अक्षरे तितकीच राहतात, बस मात्र गोव्याबाहेर जाते.

एक मात्र करू नका. कोंकणी माणसाच्या तोंडी वाकडेतिकडे मराठी घालायचे, किंवा मराठी माणसाच्या तोंडी वेडीवाकडी कोंकणी, आणि त्यावर हशा घ्यायचा. हशा मिळतो, म्हणूनच सांगते. तो माणसाच्या जिभेला हसणे आहे, त्यात तुमची कारागिरी काही नाही. त्याच जातीचे आणखी काही आयते विषय आहेत: सासू, बायकोचा स्वयंपाक, पर्यटक आणि फेणी, आणि अर्थातच आमदारांची पक्षांतरे. शेवटच्या विषयावर लिहू नका असे मी म्हणणार नाही, फक्त तिथे वस्तुस्थितीच इतकी पुढे असते की वात्रटिकेला ती गाठणे कठीण जाते.

आता वहिनी.

तुमच्या त्या चार ओळी कारागिरीच्या दृष्टीने तुमच्या पोदेरापेक्षा कितीतरी सरस आहेत, आणि म्हणूनच त्या लागल्या. वाईट वात्रटिकेने कोणी रागावत नाही. ‘गंमत केली, एवढे काय मनाला लावून घ्यायचे’ असे तुम्ही म्हणाला असाल तर ते आधी मागे घ्या. वहिनींच्या बाजूने पाहा. त्या घरातल्या मोठ्या, सणावाराला पंधरा माणसांचे रांधणाऱ्या. त्यांच्या हाताला घरच्या सगळ्यांसमोर नाव ठेवले गेले. सगळे हसले. त्यांना उत्तर द्यायचे तर यमकात द्यावे लागणार, कारण साध्या शब्दांत दिले तर ‘चिडल्या बघा’. हे हत्यार घरात एकट्या तुमच्याकडे आहे. ज्याला उलट टोला देता येत नाही त्याच्यावर ते चालवायचे नाही. मंत्री, बाजारभाव, पाऊस, मोबाइल कंपनी, नवरा (थोडासा), आणि स्वतः आपण, एवढी मंडळी हसायला पुरेशी आहेत.

त्यातले ‘स्वतः’ सगळ्यात कामाचे. तीच कढी तुम्ही केलीत असे धरा. आणि कढी पातळ का झाली याचे कारण शोधा, कारण विनोद बहुतेक वेळा कारणात लपलेला असतो. नारळाचा भाव विचारलात अलीकडे?

नारळ झाला महाग,
कढीत सोलेच फक्त;
पाहुणा म्हणे, ‘वहिनी,
कोणाचे काढले रक्त?’

इथे वहिनी तुम्ही स्वतः आहात, यजमानांच्या मित्रांची. घाव नारळाच्या भावावर गेला, फजिती तुमची झाली, आणि पाहुणाही जरा बावळट ठरला. कोणी घरी जाऊन रडणार नाही. जाणकार बायका म्हणतील, अगं ती बिननारळाची फुटी कढी म्हणून खपवायची होतीस! म्हणू देत. ऐकणाऱ्यांना आपल्यापेक्षा जास्त कळते असे वाटले की कार्यक्रम रंगतो.

वहिनींकडे मात्र कविता घेऊन जाऊ नका. माफीची वात्रटिका हा तर भलताच प्रकार, म्हणजे पुन्हा तुमचेच यमक आणि पुन्हा त्यांनीच हसायचे. नुसत्या जा, दुपारी, घरात फार कोणी नसताना. चुकले म्हणा. ग्रुपवर लिहिले ते ग्रुपवरही एका साध्या ओळीत मागे घ्या. त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांत त्या स्वतःच ‘आणीबाणी’ शब्द काढून तुम्हाला टोमणा मारतील. तोवर तो शब्द तुम्ही उच्चारायचा नाही. आणि मंडळाच्या कार्यक्रमात त्या चार ओळी वाचायच्या नाहीत, मैत्रिणींनी कितीही आग्रह केला तरी. वहिनी पुढच्या रांगेत असोत किंवा नसोत.

राहिली तुमची दहा मिनिटे. दहा मिनिटांत वीस वात्रटिका वाचता येतात हे खरे, म्हणूनच वाचू नका. सहा-सात पुरे. लागोपाठ चार ओळी, हशा, चार ओळी, हशा असे झाले की पाचव्याला बायका आपापसांत बोलू लागतात. मध्ये गद्यात दोन वाक्ये बोला, बसची हकीकत सांगा, मग बसवरची वाचा. सगळ्या आठ अक्षरीही नकोत. मधेच एखादा अभंग गाऊनच म्हणा. बांगड्याचा भुजंगप्रयात चतुर्थीनंतर चांगला चालेल, कारण तोवर सगळ्यांच्या ताटात मासळी परत आलेली असेल आणि आठवण ताजी असेल. संकट चालू असताना त्याच्यावर फार हसू येत नाही, संपल्या-संपल्या येते.

मंडळात आणखी एक सोय आहे ती विसरू नका. तुमच्यासमोर बसलेली प्रत्येक बाई लग्नापासून उखाणे घेत आली आहे. म्हणजे यमकाच्या टोकाला काहीतरी येणार आहे आणि त्याची वाट पाहायची आहे, हे तिच्या कानाला कोणी शिकवावे लागत नाही. कविसंमेलनातल्या श्रोत्यांपेक्षा हा श्रोतृवर्ग कितीतरी तयारीचा. हवे तर सुरुवातच उखाण्याने करा:

माटोळीला बांधली नारळ, सुपारी, केळी,
अमुकराव उठतात फक्त जेवायच्या वेळी.

‘अमुकराव’च्या जागी यजमानांचे नाव घाला. त्यांना आधी विचारून. त्यांच्याकडे उलट टोला द्यायला कोंकणी-मराठीचा वाद आहेच.

आणि विषयांसाठी तुम्ही बस-बाजार धुंडाळता याचे मला नवल वाटते. रोज आठ तास ज्या काचेमागे बसता तिकडे पाहा ना. दोन रुपयांचे पेन दोरीने जखडलेले आणि लाखाच्या नोटा तुमच्या हाताशी मोकळ्या. स्वतःचीच सही जुळत नाही म्हणून स्वतःवर चिडलेला माणूस. चतुर्थीच्या आधी ‘कोऱ्या द्या हं’ म्हणणारे, आणि त्याच नोटा पंधरा दिवसांनी चुरगळून परत भरणारे. असल्या गोष्टी ज्याला दिसतात असा दुसरा वात्रटिकाकार फोंड्यात असेलसे वाटत नाही. फक्त कोणाचे खाते, कोणाचे कर्ज, कोणाची ओळख पटेल असे काही ओळीत येऊ देऊ नका. पेन आणि दोरी यांची तक्रार कोणी करणार नाही.

पावतीवर जे सुचते ते त्याच दिवशी ग्रुपवर टाकू नका. दोन दिवस पर्समध्ये राहू दे. तिसऱ्या दिवशी वाचून स्वतःला हसू आले तर ठेवा. शेवटी हसरे चेहरे, उद्गारचिन्हांच्या रांगा, ‘कसं वाटलं?’ असे काही जोडू नका. आपल्याच विनोदाला आपण आधी हसलो की समोरच्याला मोकळीक मिळते, न हसण्याची.

व्यासपीठावर माइक हातात आला की ‘ही माझी एक छोटीशी, अशीच सुचलेली वात्रटिका, आवडली तर टाळ्या वाजवा’ हे आख्खे वाक्य गिळून टाका. चष्मा लावा, आणि सरळ पहिली ओळ म्हणा. चौथ्या ओळीच्या शेवटच्या शब्दाआधी किंचित थांबा, तो शब्द स्वच्छ टाका, आणि लगेच पान उलटा.

– ताई